पाण्याचा खर्च कोणाच्या डोक्यावर?

खेड्यातल्या घरात नळ हवा की नको, असा सवाल आज उघडपणे कोणी करत नाही. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हा देशातल्या ग्रामीण घरांपैकी जेमतेम १७ टक्के घरांत नळ होता. आज सरकारी नोंदीनुसार ते प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास आहे आणि महाराष्ट्रात त्याहूनही जास्त. मूळची २०२४ ची मुदत आता २०२८ पर्यंत वाढली आहे. पण निधी अडकला, कामे रखडली, उन्हाळ्यात पुन्हा टँकर सुरू झाले की तोच सवाल आडवळणाने समोर येतो : एवढा खर्च खरोखर गरजेचा होता का? हा सवाल टाळण्यात अर्थ नाही. आपल्याकडे वादाची एक चांगली शिस्त आहे, आधी पूर्वपक्ष पूर्ण ताकदीने मांडायचा आणि मगच उत्तराला उभे राहायचे. इथला पूर्वपक्ष गावाच्या भल्याचाच विचार करणाऱ्याचा आहे. पाणलोटाच्या कामात मुरलेल्या, स्थानिक पाण्यावर श्रद्धा असलेल्या माणसाचे हे आक्षेप आहेत. उत्तरपक्ष माझा आहे.

पूर्वपक्ष : आपले खेडे शहरासारखे एका जागी दाटीने वसलेले नसते. कोकणात वाड्या डोंगराच्या कडेने विखुरलेल्या, पालघर-नंदुरबारात पाडे, माणदेशात मळ्यांतल्या वस्त्या. पाच-सात घरांपर्यंत पाइप न्यायचा, टाकी बांधायची, मोटर चालवायची, तर माणशी खर्च शहराच्या कितीतरी पट होतो. त्याच पैशात गावच्या विहिरींचा गाळ निघेल, आड-बारवा पुन्हा वापरात येतील, हातपंप दुरुस्त होतील, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामे होतील. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव विंधनविहिरी झाल्या आणि त्यांवर हातपंप बसले, ते याच विचाराने. सोलापुरात घडवलेल्या पंपाच्या धर्तीवर ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला आणि पुढे तो जगभर गेला. गावाजवळचे, गावाच्या ताब्यातले पाणी सोडून दूरच्या योजनेवर अवलंबून राहायला तुम्ही खेड्याला का भाग पाडता?

उत्तरपक्ष : तुम्ही खर्चाचा मुद्दा काढलात, तेव्हा हिशेबापासूनच सुरुवात करू. जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर हे किमान प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या घराला झाले २७५ लिटर. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी धरून एका खेपेला वीस-बावीस लिटर येतात असे मानले, तर रोजच्या तेरा खेपा होतात. विहीर किंवा हातपंप फक्त दोनशे मीटरवर असला, तरी जाऊन-येऊन पाच किलोमीटरांवर चाल झाली, त्यातली निम्मी भरल्या भांड्यांसह. रहाटाचे किंवा पंपाच्या दांड्याचे श्रम वेगळे, रांगेतला वेळ वेगळा. रोज इतके कोणाच्यानेही होत नाही, म्हणून ते घर ५५ लिटर वापरतच नाही. मग काटकसर हात धुण्यात होते, लेकरांच्या आंघोळीत होते, पाळीच्या दिवसांतल्या स्वच्छतेत होते, संडास बांधलेला असूनही त्याच्या वापरात होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०१८ मध्ये भारतात स्त्रिया पाणी आणण्यासाठी रोज सरासरी ४५ मिनिटे घालवत होत्या. सगळ्या ग्रामीण घरांत नळ पोहोचला तर देशात रोजचे साडेपाच कोटी तास वाचतील, असा त्याच संघटनेचा अंदाज आहे. तुमच्या विहिरीचा आणि हातपंपाचा खर्च कमी दिसतो, कारण शेवटच्या दोनशे मीटरांचा खर्च तुम्ही धरलेलाच नाही. पाणी आजही घरी पोहोचतेच. ते पोहोचवण्याची किंमत बाईच्या अंगमेहनतीतून आणि मुलीच्या शाळेच्या वेळातून वसूल होते, आणि ती कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही, म्हणून ती फुकट वाटते.

आणखी एक किंमत आहे, ती गावाच्या ताब्यातल्या पाण्याची. गाव म्हणजे नेमके कोण, हे पाणवठ्यावरच ठरत आले. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, कारण बाहेरचे पाणवठे त्यांना बंद होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला. तरीही चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांना महाडमध्ये सत्याग्रह करावा लागला आणि न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ उजाडले. ज्याचे पाणी सामायिक जागेवरून येते, त्याला त्या जागेवरच्या बलवानाची मर्जी सांभाळावी लागते. नळ जात संपवत नाही. पण दलितवस्तीतल्या घरात स्वतःचा नळ आला की पाण्यासाठी दुसऱ्याच्या ओट्याशी ताटकळणे संपते. नळासाठी मोजलेल्या पैशात ही मोकळीकही धरली पाहिजे.

पूर्वपक्ष : श्रमाचे मान्य, जातीचेही मान्य. पण नळ पाणी तयार करत नाही. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग काळ्या बेसॉल्टचा. त्यात पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि भेगांत. दिवाळीला काठोकाठ भरलेली विहीर होळीला तळ दाखवते. अशा उद्भवावर तुम्ही टाकी बांधणार, पाइप टाकणार, घरोघर तोट्या बसवणार, आणि मार्चनंतर त्या कोरड्याच राहणार. २०१९ च्या उन्हाळ्यात राज्यात सहा हजारांहून जास्त टँकर धावत होते, हे विसरू नका. टंचाई पाण्याची आहे आणि तुम्ही पाइप वाटत आहात.

उत्तरपक्ष : टंचाई नेमकी कशाची, ते मोजून पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची ग्रामीण लोकसंख्या ६ कोटी १५ लाख. प्रत्येकाला रोज ५५ लिटर दिले, तर वर्षाला साधारण ४४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी लागते. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी आहे. म्हणजे सगळ्या ग्रामीण महाराष्ट्राचे वर्षाचे घरगुती पाणी एका कोयनेच्या निम्म्याहूनही कमी भरते. लोकसंख्येतली वाढ, गळती आणि गुरे धरून ते दुप्पट केले, तरी एक कोयना पुरून उरते. दुसरीकडे पाटाने भिजवलेल्या एक हेक्टर उसाला सुमारे दोन कोटी लिटर पाणी लागते. माणशी ५५ लिटरने हजार माणसांना वर्षभर पुरेल, इतके ते पाणी आहे. म्हणून पिण्याच्या पाण्याची टंचाई ही मुळात वाटपाची टंचाई आहे. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम आहे, पण प्रत्यक्षात पाणी ज्याची मोटर आधी सुरू होते त्याच्याकडे जाते.

शहापूर तालुक्याचे उदाहरण घ्या. तिथे पाऊस धो-धो पडतो. मुंबईला पाणी देणारे तानसा, मोडकसागर आणि भातसा याच तालुक्यात आहेत आणि तानसा तर १८९२ चा आहे. तिथून मोठ्या जलवाहिन्या मुंबईला गेल्या, पण तालुक्यातल्या अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईत विहार तलावाचे पाणी नळाने आले ते १८६० मध्ये. शहराला शंभर किलोमीटरांवरून पाणी आणताना ‘तुमच्या गल्लीतल्या विहिरीत काय वाईट आहे?’ असे आपण कोणी विचारले नाही. शहापूरमध्ये पाणी आहे, पाइपही आहे. फक्त तो पाइप त्या गावांसाठी टाकलेला नाही.

तुमच्या बेसॉल्टबद्दलचे म्हणणे मात्र शंभर टक्के खरे आहे आणि त्यातूनच माझा मुद्दा पुढे जातो. उद्भव राखल्याशिवाय नळ टिकत नाही. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदता येणार नाही, असा कायदा राज्यात १९९३ मध्ये झाला. २००९ च्या भूजल कायद्याने, जो २०१४ पासून अमलात आला, ६० मीटरांपेक्षा खोल विहिरींवर बंधन घातले. प्रत्यक्षात नळयोजनेच्या विहिरीशेजारच्या शिवारात बोअरचे यंत्र रात्री लागते आणि तीन-चारशे फूट खाली जाते, म्हणजे शंभर मीटरांच्या आसपास, आणि त्याला कोणी अडवत नाही. हिवरे बाजारने नेमके इथेच हात घातला. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी पिके घ्यायची नाहीत, दरवर्षी पावसाचे मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यात पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे. हे उदाहरण एरवी नळाविरुद्ध दिले जाते. मला ते नळाच्या बाजूचे वाटते, कारण पाणलोटाने साठवलेल्या पाण्यावर पहिला हक्क घरातल्या तोटीचा, हे त्या गावाने मान्य करून दाखवले. पाणलोट आणि नळ यांत एकाची निवड करायला सांगणे हीच चूक आहे. एक पाणी जमा करतो, दुसरा ते प्रत्येकाच्या घरात पोहोचवतो.

शिवाय स्थानिक पाणी सगळीकडे पिण्याजोगे नसतेच. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, विहिरीचे पाणी इतके क्षारयुक्त असते की ते पिकालाही मानवत नाही. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत पाण्यातल्या फ्लोराइडने मुलांचे दात पिवळे पडतात आणि मोठ्यांची हाडे वाकतात. मर्यादा आहे लिटरमागे एक मिलिग्रॅमची, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड. या गावांत बारवेचा गाळ काढून भागत नाही, खोल बोअर घेतली तर त्रास वाढतो. त्यांना बाहेरून, धरणातून किंवा नदीतून, शुद्ध केलेले पाणी पाइपनेच आणावे लागते. तिथे स्थानिक पाण्याचा आग्रह धरणे म्हणजे त्या माणसांना आजाराच्या हवाली करणे आहे.

पूर्वपक्ष : असे समजू की पाणी आहे आणि ते हक्काचेही आहे. पण योजना चालते कुठे? उद्घाटनाची कोनशिला असते, टाकी उभी असते, आणि एके दिवशी विजेची डीपी जळते. महिनाभर डीपी बदलून मिळत नाही. मग वीजबिल थकते, जोड तुटते. पाणीपट्टी कोणी भरत नाही, ग्रामपंचायत मागत नाही, कारण पुढे निवडणूक असते. प्रादेशिक योजनेत धरणाजवळची गावे मनसोक्त पाणी घेतात आणि शेपटाच्या गावांना हवा मिळते. गावातही तेच, टाकीजवळच्या घरांनी नळाला मोटर लावली की वरच्या आळीत थेंब येत नाही. एक योजना बंद पडली की तिच्याच शेजारी दुसरी मंजूर होते. हातपंप निदान एका मेकॅनिकने दुरुस्त होतो. जे गावाला सांभाळता येत नाही, ते गावाच्या गळ्यात का बांधायचे?

उत्तरपक्ष : तुमचा हा आक्षेप सगळ्यांत जड आहे आणि त्यातली वस्तुस्थिती मी नाकारत नाही. पण त्यातून जो निष्कर्ष तुम्ही काढता, तो निघत नाही. योजना बंद पडतात, कारण आपण त्या बांधतो आणि चालवायला कोणालाच ठेवत नाही. खर्चाचा मोठा भाग पाइप, टाकी आणि जॅकवेलवर होतो. पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार, पंपाची दुरुस्ती, विजेचे बिल आणि पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर हे सारे ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या कमाईवर सोडले जाते. एसटीची नवी गाडी घ्यायची आणि डिझेल व चालक यांची तरतूदच करायची नाही, तर ती आगारातच गंजेल, आणि तेवढ्यावरून प्रवाशांना प्रवासच नको आहे असे कोणी म्हणणार नाही.

पाणीपट्टीचेही तसेच आहे. आठ दिवसांतून एकदा अर्धा तास पाणी मिळत असेल, तर पट्टी भरण्याचे कारण लोकांना दिसत नाही. पट्टी नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून पाणी नाही. हे चक्र पाणी देणाऱ्याच्या बाजूने तोडावे लागते. तीच माणसे वीस लिटरचा जार रोख पैसे देऊन घेतात आणि लग्नकार्याला खासगी टँकर सांगतात. म्हणजे पाण्याला पैसे मोजायची तयारी आहे, भरवसा नाही. कराडशेजारच्या मलकापूरने मीटर बसवले, वापर वाढेल तसा दर चढता ठेवला आणि लोकांना चोवीस तास पाणी दिले. मलकापूर हे ग्रामपंचायतीतून नगरपंचायत झालेले गाव. जवळ कोयना नदी आहे, लोकांच्या हातात पैसा आहे, म्हणून ते जमले, असे तुम्ही म्हणाल आणि ते अंशतः खरे असेल. पण मोजून दिलेले, खात्रीचे पाणी लोक विकत घेतात आणि जपूनही वापरतात, एवढे तिथून नक्की शिकता येते. मोरोक्कोतल्या टँजियर शहरात गरीब घरांना नळजोडणीसाठी कर्ज देऊ केले, तेव्हा बहुतेकांनी ते घेतले. त्यांना सार्वजनिक नळावर चांगले पाणी आधीपासून मिळत होते, त्यामुळे आजारपणात फरक पडला नाही. पण वेळ वाचला, पाण्यावरून होणारी भांडणे कमी झाली आणि लोक अधिक समाधानी झाले, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

पैशाचा मार्गही अगदीच बंद नाही. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित केला. तेवढ्यात सगळे भागणार नाही, पण चालवण्याचा खर्च सरकारी पैशातून करण्याचे तत्त्व मान्य झाले आहे. शेपटाच्या गावांसाठी उपाय सरळ आहे. प्रादेशिक योजनेच्या प्रत्येक गावाच्या तोंडाशी मीटर हवा, कोणत्या गावाला किती पाणी गेले ते रोज फलकावर लागायला हवे, आणि धरणापासून गावाच्या वेशीपर्यंतची जबाबदारी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची की जिल्हा परिषदेची, हे एकदा लेखी ठरायला हवे. गावाने सांभाळायचे ते वेशीच्या आतले. दीडशे गावांची योजना दीडशे ग्रामपंचायतींच्या भरवशावर सोडणे हा विकेंद्रीकरणाचा अर्थ नाही.

पूर्वपक्ष : आणि आरोग्य? नळाचे पाणी शुद्धच असते, ही समजूत धोक्याची आहे. ज्योत्स्ना जालान आणि मार्टिन रॅव्हॅलियन यांनी २००३ मध्ये ग्रामीण भारतातली आकडेवारी तपासली, तेव्हा नळ असलेल्या घरांत मुलांना हगवण कमी होते असे दिसले खरे, पण सर्वांत गरीब आणि आई शिकलेली नसलेल्या घरांना तो फायदा पोहोचलाच नव्हता. त्यात घरोघर पाणी आले की सांडपाणी वाढते. गटार नसलेल्या गावात ते रस्त्यावर साचते आणि डास होतात.

उत्तरपक्ष : हा अभ्यास नळाच्या मर्यादा सांगतो आणि त्या मान्य करायलाच हव्यात. तोटीपर्यंत शुद्ध आलेले पाणी उघड्या भांड्यात साठवले, त्यात हात बुडवले, तर ते पुन्हा दूषित होते. ते साठवावे का लागते? पाणी कधी येईल याचा नेम नसतो म्हणून. खंडित पुरवठ्यात पाइप रिकामा होतो, आत पोकळी तयार होते आणि गळक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. वर कोणी नळाला मोटर लावली असेल, तर ती ओढ आणखी वाढते. म्हणजे दोष अर्धवट नळाचा आहे. त्यावर उपाय म्हणून पुरवठा नियमित करायचा, टीसीएल रोज योग्य मात्रेत टाकायचे आणि त्याची तपासणी टाकीखाली न करता सर्वांत लांबच्या घराच्या तोटीवर करायची. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक सापडला, तर पाणी वाटेत बिघडलेले नाही. ओटी टेस्टची छोटी बाटली आणि पिवळा रंग ओळखणारा डोळा एवढ्यावर हे काम होते. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांच्या तपासणीचा निकाल ग्रामसभेत वाचला जावा आणि त्यांना कामाचा मोबदला मिळावा, एवढे केले तरी खूप फरक पडेल. सांडपाण्यासाठी शोषखड्डे आणि परसबागा यांचा खर्च नळाच्या अंदाजपत्रकातच धरला पाहिजे. आणि जो फायदा गरिबांपर्यंत पोहोचत नाही, तो पोहोचवण्याचा मार्ग त्यांचा नळ काढून घेण्यातून जात नाही.

पूर्वपक्ष : म्हणजे तुम्ही माझ्या बहुतेक सगळ्या अटी मान्य केल्यात. मग आपला मतभेद उरला कुठे?

उत्तरपक्ष : क्रमात उरला. तुम्ही म्हणता, आधी गाव पाणलोटाने समृद्ध होऊ दे, व्यवस्था शिकू दे, मग नळ. मी म्हणतो, नळ हा पहिला हक्क धरा आणि उद्भव, कायदा, वीज, पगार यांची मांडणी त्याच्यासाठी करा. कारण ‘आधी’ आणि ‘मग’ यांच्या मधल्या वर्षांत पाणी वाहते ती बाई, आणि तिला कोणी विचारलेले नसते. योजना पूर्ण झाली हे ठरवण्याची पद्धतही त्यासाठी बदलावी लागेल. आज नळ बसला की घर मोजले जाते. त्याऐवजी लागोपाठच्या दोन उन्हाळ्यांत, एप्रिल-मे महिन्यांत, गावातल्या सर्वांत उंचावरच्या आणि सर्वांत लांबच्या घरात माणशी ५५ लिटर पाणी पोहोचले, असा महिलांच्या ग्रामसभेचा ठराव झाल्यावरच योजना पूर्ण समजावी. कंत्राटदाराच्या बिलाचा शेवटचा हप्ता त्या ठरावावर अवलंबून ठेवावा, पण ठराव झाल्यावर तो एक दिवसही अडवू नये. पहिल्या पाच वर्षांचा चालवण्याचा खर्च बांधकामाच्या मंजुरीबरोबरच मंजूर व्हावा, आणि उद्भवाच्या ५०० मीटरांतल्या प्रत्येक नव्या बोअरचा जाब तहसीलदाराला विचारला जावा. यांतल्या एकाही गोष्टीला नवे तंत्रज्ञान लागत नाही. पाणी वाहण्याचा खर्च आजवर ज्यांच्या डोक्यावर होता, त्यांच्याकडून तो सरकारी हिशेबात उचलून घ्यायचा, एवढा निर्णय लागतो, आणि तो घेण्यासाठी आणखी एखाद्या दुष्काळाची वाट पाहण्याचे कारण नाही.